आईच्या जागी माझं नाव

घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून त्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळे गुजराती किंवा इंग्रजी अक्षरांचा कुठलाही कागद घरात आला की तो सरळ माझ्या हातात यायचा. आबांचे, म्हणजे वडिलांचे, दवाखान्याचे रिपोर्ट, लाइटबिल, शेजारच्या काकूंच्या मुलाची शाळेतून आलेली नोटीस. मला सगळं कळायचं असं नाही. पण कळत नाही असं म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे ते मला आवडायचंही.

तेव्हा आम्ही गुजरातेत, लिंबायतला भाड्याच्या खोलीत राहायचो. आबा लूमच्या कारखान्यात आधी कारागीर होते, मग कारागिरांवर देखरेख करणारे मास्तर झाले. आई घरी बसून धागा कटिंग करायची. बाजारातून साड्यांचे गठ्ठे यायचे, प्रत्येक साडीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे आणि घडी घालून साड्या परत पाठवायच्या. सीझनमध्ये खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. आम्ही गठ्ठ्यांना टेकून जेवायचो आणि आई अहिराणीत ओरडायची, "हात पुस आधी! डाग पडना ते शेठ मना जीव लई!" डाग पडला तर शेठ माझा जीव घेईल.

घराचे पैसे कसे जमले ते आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता येणार नाही. गावाकडचा एक तुकडा विकला होता. आबांनी काही बाजूला ठेवले होते. आईला साड्यांचे मिळायचे ते ती आबांच्या हातात द्यायची आणि आबा ते आपल्या पैशांतच ठेवायचे. एवढी वर्षं असं चालल्यावर त्यातलं कुठलं आईचं आणि कुठलं आबांचं, हे कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना मिळून आबांचे पैसे असंच म्हटलं जायचं. आईसुद्धा तसंच म्हणायची.

कडोदऱ्याच्या बाजूला एका सोसायटीत घर सापडलं. एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्याइतकी गॅलरी. दलाल गुजराती होता, आमच्याशी हिंदीत बोलायचा. तो आबांना म्हणाला, "भाई, बेन के अकेली के नाम पे ले लो. सब नाम औरत के हो तो रजिस्ट्रेशन की फी माफ है."

आबा हसले. "फिर मैं कौन? भाडूत?"

दलाल हसला, मी हसले. सगळ्यात जास्त आई हसली. "भाडं वेळेवर दिलं तर ठेवीन," ती म्हणाली.

वकील मात्र आमच्याच भागातले, जळगावकडचे निघाले. वयस्कर होते, आवाज हळू. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि विचारलं, "मग दोघांचं टाकू ना? नवरा-बायको? हल्ली तसंच करतात, आणि बरं असतं."

"टाका," आबा म्हणाले. त्यांना त्यात काही वाटलं नाही. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की आबांच्या मनात काही होतं. तसं नव्हतं.

वकिलांनी दोघांची आधारकार्डं घेतली, आबांचं पॅनकार्ड घेतलं आणि आईकडे हात पुढे केला. आईकडे पॅनकार्ड नव्हतं. कधी लागलंच नव्हतं. वकील म्हणाले, "काढून घ्या, थोडे दिवस लागतील." पण विकणाऱ्याला घाई होती, त्याला मुलाकडे राहायला जायचं होतं. दलाल म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. आबा अस्वस्थ झाले. त्यांची नजर खोलीत फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"हिच्याकडे आहे," ते म्हणाले. "हिचं टाका. शिकलेली आहे, पुढे कागद वाचायचे तर हिलाच वाचायचेत."

वकिलांनी आईला विचारलं, "ताई, चालेल ना?"

आई म्हणाली, "मनी आंडेर शे. तिनं काय अन् मनं काय." माझीच लेक आहे, तिचं काय आणि माझं काय.

लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे पॅनकार्डाचे अर्ज मी सायबरवाल्याकडे बसून भरून दिले होते. किती सोपं असतं ते मला माहीत होतं. विकणारा खरंच थांबला नसता का, तेही विचारता आलं असतं. दलाल गिऱ्हाईक उभं आहे असं प्रत्येकालाच सांगतो. मी यातलं काही बोलले नाही. मी पर्समधून माझं पॅनकार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्या वेळी मनात काय होतं हे आठवायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. लोभ होता असं मला वाटत नाही. मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, एवढं नक्की.

दस्तावेजाच्या दिवशी आई आमच्याबरोबर आली. यायची गरज नव्हती, पण घर घेताना बाईने नको का यायला, असं ती म्हणाली. लग्नाकार्यात नेसायची हिरवी साडी नेसली होती. सब-रजिस्ट्रार ऑफिसात खूप गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा आबा मशीनसमोर उभे राहिले आणि कारकुनाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी अंगठा काचेवर ठेवला.

तेव्हा आईने एक गोष्ट केली. ती आबांच्या उजव्या बाजूला आली आणि तिने दोन बोटं हळूच त्यांच्या कोपराला लावली.

आमच्याकडे पूजेला नवरा-बायको पाटावर बसतात तेव्हा पाणी सोडतो तो नवरा, हळदकुंकू वाहतो तोही नवरा. बायकोने त्याच्या हाताला हात लावायचा. तेवढ्याने ते दोघांचं होतं. गुरुजी मध्येच सांगतात, "वहिनी, हात लावा," आणि बाई लगेच पुढे सरकते. आईने आयुष्यभर सगळं असंच केलेलं होतं. सत्यनारायण असाच केला, गावाकडच्या घराची पूजाही अशीच केली. घराचं काहीतरी महत्त्वाचं चाललं आहे, नवऱ्याचा हात पुढे आहे, म्हटल्यावर तिचा हात आपोआप गेला असेल. किंवा आपोआप गेला नसेल. ते मी तिला कधी विचारलं नाही.

कारकून वैतागून म्हणाला, "बेन, तमे बाजू पर बेसो. फोटामा तमारो हाथ आवे छे."

आईने हात काढला. चटका बसल्यासारखा पटकन काढला आणि पदराखाली घेतला. रांगेतलं कोणीतरी हसलं. मला लाज वाटली. आईची लाज वाटली, हे लिहिताना हात थांबतो आहे, पण तसंच झालं होतं. मी तिला म्हटलं, "आई, बस ना तिकडे, इथे असं नसतं." ती बाकावर जाऊन बसली. मग माझं नाव पुकारलं आणि मी जाऊन अंगठा ठेवला.

वास्तुपूजेला गावाकडून नातेवाईक आले, लिंबायतची गल्ली आली. आबांनी प्रत्येकाला सांगितलं की घरावर पोरीचं नाव लावलं आहे. मग काय, कौतुकाला सीमाच राहिली नाही. आमच्या जातभाईंत मुलीच्या नावावर घर करणारा माणूस कोणी पाहिलेला नव्हता. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, आता जवाई येईल आणि तुलाच विचारेल, मामंजी, आत येताय का? पाय पुसून या!" सगळे खो खो हसले. लूमवरच्या एका काकांनी आबांच्या पाठीवर थाप मारली. "माणूस पाहिजे तर असा. लेकीला लेक मानत नाही, लेकच मानतो." त्यांना मुलगा म्हणायचं होतं, ते स्वतःच गोंधळले आणि पुन्हा हशा झाला.

आई आत पुऱ्या तळत होती. मी आत गेले तर तीही हसत होती. "बाप लई मोठा झाला गं तुझा आज," ती म्हणाली. त्या दिवशी एवढ्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही की मुलीचं नाव लागलं ते आईच्या जागी लागलं. माझ्याही नाही. मी नवीन ड्रेस घालून सगळ्यांच्या पाया पडत होते.

जवळपास वर्षभर कोणी यावर काही बोललं नाही. मग पाण्याच्या टाकीचं निघालं.

सोसायटीची टाकी गळायची. खालच्या मजल्यावर पाणी यायचं, आमच्याकडे यायचं नाही. आबा कारखान्यात, मी कॉलेजात. दिवसभर घरी असायची आई, आणि पाण्याची वाट बघत बसायचीही तीच. तिने मोडक्यातोडक्या गुजरातीत आजूबाजूच्या बायकांना गोळा केलं. त्या सगळ्या मिळून सोसायटीच्या प्रमुखांकडे गेल्या. बरंच भांडण झालं म्हणे. आई घरी आली की आम्हाला करून दाखवायची, प्रमुख कसा चष्मा कपाळावर चढवतो आणि म्हणतो, "जोईशुं, बेन, जोईशुं," म्हणजे बघू, बघू. शेवटी टाकी दुरुस्त करायचं ठरलं. त्यासाठी प्रत्येक घराच्या मालकाची संमती हवी होती.

त्या दुपारी मला कॉलेजात आईचा फोन आला. "घरी येशील का? सही पाहिजे."

"तू कर ना."

"मालकाची पाहिजे म्हणतो."

"मग आबा संध्याकाळी आले की करतील."

"आजच पाहिजे म्हणतो. मी म्हटलं मालक कामावर आहेत. तर तो म्हणाला, तो छोकरीने बोलावो, छोकरीनुं नाम छे." मग हळू आवाजात म्हणाली, "ये ना, बाई. कामवाला परत जाईल."

मी रिक्षाने आले. प्रमुख आमच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले होते, सोसायटीच्या बायका उभ्या होत्या आणि आई दारात पेन घेऊन. मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. प्रमुख मला म्हणाले, "सरस, बेटा, खूब सरस," जणू टाकीचं भांडण मीच भांडले होते. आई पेनाचं टोपण हातात धरून माझ्या मागे उभी होती. बायका गेल्यावर ती म्हणाली, "चहा टाकू?" आणि टाकलाही.

तिने सहीवरून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चहा पिताना मला पहिल्यांदा नीट दिसलं की या घरात मी रात्री झोपायला येते आणि ती इथे राहते. आणि तिच्या हातात टोपण आहे.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी एकटीच वकिलांकडे गेले. फी विचारायची भीती वाटत होती, म्हणून आधी म्हटलं, फक्त समजून घ्यायचं आहे. त्यांनी खुर्ची दाखवली.

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. नवरा-बायको दोघं मिळून घराचे मालक होऊ शकतात. दस्तावेजात कोणाचा किती हिस्सा हे लिहिता येतं. लिहिलं नसेल तर बहुधा निम्मा-निम्मा धरतात. दोघांची नावं असली की एकाला दुसऱ्याच्या सहीशिवाय पूर्ण घर विकता येत नाही. पण दोघांतलं एक गेलं की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याचा होतो, असं लोकांना वाटतं, तसं नसतं. तो हिस्सा सगळ्या वारसांत जातो. तसा जायला नको असेल तर मृत्युपत्र करायचं.

"आणि बायकोचं नाव नसेल तर?" मी विचारलं.

"तर नवरा आहे तोवर ती त्याच्या घरात राहते. नंतर वारस म्हणून तिला त्याच्या हिश्श्यातलं मिळतं, बाकीच्यांबरोबर." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या बाबतीत अर्धं घर तुझंच आहे. त्यात आईचं काही नाही. उद्या तुझं लग्न झालं, तुझं काही बरंवाईट झालं, तर तुझा हिस्सा तुझ्या घरच्यांकडे जाईल."

तुझ्या घरच्यांकडे. मी अजून न पाहिलेल्या माणसांकडे आईची गॅलरी जाणार होती.

"माझं नाव काढून तिचं लावता येतं का?"

"काढून वगैरे नाही. तुझा हिस्सा तू तिला द्यायचा. बक्षीसपत्र. स्टॅम्प लागेल, नोंदणी लागेल. मग नवरा-बायको दोघं मालक." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी विचारलंस?"

घरी विचारणं जास्त अवघड होतं. मी जेवताना बोलले. आबांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे मी काय तिला बाहेर काढणार आहे?"

"तसं नाही, आबा."

"मग कसं? लोक काय म्हणतील? आधी पोरीला दिलं आणि मग काढून घेतलं. सगळ्या गल्लीला सांगून बसलोय मी."

"मला बाहेर काढलं तर जेवाल काय?" आई म्हणाली. पण आबा हसले नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "राहू दे गं. तुझं आहे ते बरं आहे. मला कशाला नाव?"

मी विषय तिथेच सोडला. खरं तर मला हायसं वाटलं. दोघंही नको म्हणत आहेत, मी माझं काम केलं, असं मी मनात म्हटलं आणि पुढे बरेच दिवस तसंच म्हणत राहिले. परीक्षा होत्या. खर्चाचं कारण होतं. एक गोष्ट दिसल्यावरही माणूस किती सहज तिच्याकडे पाठ करून अभ्यासाला बसतो, हे मला माझ्यावरून कळलं.

पुन्हा विषय काढला तो आईनेच. मी तिला धागे कापायला मदत करत होते. ती साडीवरून मान वर न काढता म्हणाली, "नाव लागलं तर सही मी करू शकते ना? त्या प्रमुखाकडे?"

"हो."

"तुला बोलवावं लागणार नाही."

"नाही."

तिने एक धागा कापला, दुसरा कापला. "मग कर," ती म्हणाली. "तुझ्या बापाला मी सांगते."

तिने काय सांगितलं मला माहीत नाही. आबा दोन दिवस माझ्याशी कमी बोलले. मग एका सकाळी कारखान्यात जाताना चपला घालत म्हणाले, "तुझ्या आईचं ते पॅनकार्ड काढून घे आधी." बस, एवढंच.

आम्ही तिघं वकिलांकडे गेलो. त्यांनी मसुदा तयार ठेवला होता. दस्तावेज गुजरातीत होता, पण त्यांनी आईसाठी मराठीतून सांगत सांगत वाचला. घराचं वर्णन, चारी दिशांना काय आहे ते. मग देणारी म्हणून माझं नाव, घेणारी म्हणून आईचं. मग ते वाक्य आलं. मी माझ्या आईवरील नैसर्गिक प्रेमापोटी आणि मायेपोटी, कोणाच्याही दबावाशिवाय, माझा हिस्सा तिला बक्षीस देत आहे.

आबा म्हणाले, "वा." त्यांच्या आवाजात पुन्हा तोच वास्तुपूजेच्या दिवशीचा अभिमान होता. मला कळून चुकलं की ते हेही गल्लीत सांगणार आहेत. लेकीनं आईला घर दिलं. पुन्हा माझंच कौतुक होणार होतं.

आई पुढे वाकली. वकिलांच्या बोटाखालच्या ओळीकडे तिने पाहिलं, जरी तिला ती वाचता येत नव्हती.

"असंच लिहावं लागतं का?" तिने विचारलं.

"कसं म्हणता, ताई?"

ती अडखळली. घरची भाषा तोंडात आली. "मनंच व्हतं. ते मले परत दी ऱ्हायनी. असं लिखता नई येस का?" माझंच होतं, ते मला परत देते आहे, असं लिहिता येत नाही का?

आबांनी खिडकीकडे तोंड केलं. वकिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "ताई, तुमचं म्हणणं खोटं नाही," ते म्हणाले, "पण कागदावर ते तुमचं कधी नव्हतं. जे नव्हतं ते परत दिलं असं नाही लिहिता येत. बक्षीसच लिहावं लागेल."

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं नाही. तिला फक्त मी काय म्हणते ते ऐकायचं होतं, कारण कागदाचं मला कळतं असं या घरात ठरलेलं होतं.

"आई, तू म्हणतेस तेच खरं आहे," मी म्हटलं. आबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं.

"मग झालं," ती म्हणाली. "लिहा तुमचं काय लिहायचं ते."

वकिलांनी पान माझ्यापुढे सरकवलं. देणारी, असं छापलेल्या शब्दाखाली रेघ होती. मी तिथे सही केली.